निळ्या देशांची भिंत

६ जानेवारी

टिंबू,

हे पत्र मी तुझ्या मैत्रिणीच्या हातात देणार आहे. ती औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून त्याचा फोटो काढणार आणि तुला पाठवणार. म्हणजे ते आधी ती वाचणार. त्यामुळे काही गोष्टी मी लिहिणार नाही, आणि एक गोष्ट मुद्दाम तिच्यासाठीच लिहितो: पोरी, तू दिलेल्या खोकल्याच्या औषधानं काडीचा फरक पडला नाही.

चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही नाहीस. आज लिहितोय ते कामाबद्दल. कामाचं बोलायला आपल्याला कधी जड गेलं नाही.

शाळेच्या आतल्या मैदानाकडची भिंत आठवते ना, तीस फूट लांब, जिच्यावर आपण दोघांनी बाराखडी काढली होती आणि तू सगळ्या अनुस्वारांची टिंबं दिली होतीस? बाराखडी आता पार उडाली. मुख्याध्यापिका बाई यंदापासून मुलांना फ्रेंच शिकवणार आहेत. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "पेंटर, अख्ख्या जगाचा नकाशा हवाय. जिथे फ्रेंच अधिकृत भाषा आहे ते देश निळे. त्यांच्यावर नावं. बाकीचे सगळे बदामी आणि कोरे."

मी मान डोलावली. घरी येईपर्यंत डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की यातल्या कुठल्यातरी देशात तू आहेस. कुठल्या, ते मला माहीत नाही. तुझ्या मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, "काका, शपथ घातलीय. जिथे फ्रेंच बोलतात तिथे आहे, याच्यापुढे विचारू नका." तुझ्या आईला ठाऊक आहे. आठवड्यातून दोनदा ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते आणि कपडे खालीच विसरते, फोन मात्र नेते. तिला मी म्हटलं, माझं एवढं पोरीला सांग. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही निस्तरा."

तर निस्तरतो आहे. नाव सांगू नकोस. देश मोठा की छोटा, एवढंच सांग. म्हणजे तो रंगवताना नवा ब्रश काढीन.

आणि त्या पाकिटाचं अजून मनात असेल तर आता सोडून दे. टपाल उशिरा येतं, त्याला कोण काय करणार.

कळावे. भिंत घासून झाली आहे.

— पेंटर

१९ जानेवारी

टिंबू,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी दुकानासमोरून तीन वेळा गेलो. तुझी मैत्रीण प्रत्येक वेळी नुसती मान हलवते. गिऱ्हाइकांना वाटत असेल, म्हाताऱ्याला हवी ती गोळी मिळतच नाही.

जग आखून झालं. पुस्तकातल्या नकाशावर चौकटी, तेवढ्याच चौकटी भिंतीवर, आणि एकेका चौकटीतलं जग उचलून तिकडे ठेवायचं. दोन देश मात्र अर्ध्या इंचाने सरकले. बाई म्हणाल्या, त्यांची हरकत नसेल.

निळ्याला फ्रान्सपासून सुरुवात केली. बाई मधल्या सुट्टीत परांचीखाली खुर्ची टाकून बसतात आणि मला वरच्या वर शिकवतात. फ्रान्सात नव्वदला 'चार विसा आणि दहा' म्हणतात म्हणे. मला हसू आलं. मग आठवलं, आपण एकोणनव्वद म्हणतो ते तरी काय, न आलेल्या नव्वदातून एक कमी. ज्याचं घर काचेचं त्यानं हसू नये. पण बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये नव्वदला सरळ एकच शब्द आहे. ते ऐकल्यावर मी तुला लगेच स्वित्झर्लंडमध्ये नेऊन बसवलं. तू आडवळणाचं कधी बोलली नाहीस. विचारायचं तर समोर उभी राहून विचारायचीस.

दुपारी डबा खाल्ल्यावर परांचीच्या फळीवरच पाठ टेकतो. भिंत उन्हानं कोमट झालेली असते. रंगाचा वास, खाली वर्गातून पाढ्यांचा आवाज, आणि नाकापासून वीतभर अंतरावर आफ्रिका. डोळा लागतो की काय कोण जाणे, पण देशांना दारं दिसायला लागतात. मी सेनेगलच्या दारातून आत जातो. आत एक रस्ता, दुकानांची रांग, आणि शेवटच्या दुकानापुढे तू पाठमोरी उभी राहून पाटी रंगवत असतेस. मी हाक मारत नाही, कारण हाक मारली की अक्षर बिघडतं. तिथून मी गॅबनमध्ये जातो, तर तिथेही तूच. बेनिनमध्ये, टोगोत, चाडमध्ये, सगळीकडे तूच, पाठमोरी. तुझ्या अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. एकेक अक्षर सुटं, आपापल्या पायावर उभं. मला ती वाचता येत नाहीत. पण ती चांगली निघाली आहेत हे कळतं.

मग घंटा होते आणि मी उठून उरलेला चाड भरतो.

सोबत फोटो आहे. शाळेच्या शिपायानं काढून दिला.

— पेंटर

२ फेब्रुवारी

टिंबू,

आलं! तुझ्या मैत्रिणीनं बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून दिलं. तू लिहिलेलं सगळं मिळून पाच शब्द: "कॅमेरूनची रेघ उजवीकडे उतरली आहे."

बिल खिशात घालून मी सरळ शाळेत गेलो. रविवार होता. शिपायाला उठवून फाटक उघडायला लावलं. सुतळी लावून पाहिली. खरंच, कॅमेरूनची शिरोरेषा पाव इंच उतरली होती. तीस वर्षांत माझी रेघ उतरली नव्हती. आणि तू, देव जाणे कुठे बसून, फोनमधल्या बोटाएवढ्या चित्रात ते पाहिलंस.

घरी येऊन आईला सांगितलं, "पोरीनं चूक काढली." ती म्हणाली, "मग एवढे खूश कशाला झालात?" मी भाजी चिरायला बसलो, तर तिनं विळी काढून घेतली.

रेघ दुरुस्त केली. तुला खोटं कशाला सांगू, ती चूक मी मुद्दाम केली होती. तू बघतेस की नाही ते पाहायला.

छोट्या बेटांची कामं आता सुरू आहेत. कोमोरोस, सेशेल्स, तिकडे पार पूर्वेला वानुआतू. ब्रशचं टोक टेकवायचं आणि उचलायचं. हे तुझं खातं. चार वर्षांची असताना तू स्टुलावर उभी राहून टिंबं द्यायचीस आणि प्रत्येक टिंबाला "झालं" म्हणायचीस. मी आता मनातल्या मनात म्हणतो. वानुआतूला खूप वेळा म्हणावं लागलं.

— पेंटर

१७ फेब्रुवारी

टिंबू,

तुझ्या आणखी दोन चिठ्ठ्या मिळाल्या. "बुरुंडीचा उकार तोकडा." "लक्झेंबर्ग वाचता येत नाही, नाव समुद्रात न्या आणि बाण काढा." दोन्ही केलं. बाई विचारतात, तुमचा हा साहेब कोण? म्हटलं, आहे एक, फार कडक आहे.

या आठवड्यात मला तीन देश खरवडावे लागले. बाईंची यादी जुनी होती. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी अलीकडे फ्रेंचला अधिकृत भाषांतून काढलंय म्हणे. तीन देश, दोन हात निळा देऊन झालेले, नावं सुकलेली. पॉलिश पेपर घेऊन बसलो. निळी भुकटी मिशीत गेली.

मी बाईंना विचारलं, "काढली म्हणजे? दुसऱ्या दिवसापासून लोकांनी बोलायची थांबवली?"

बाई हसल्या. "पेंटर, बोलणं काय कागदावर चालतं? जे बोलत होते ते बोलतातच. नुसतं कागदावरून नाव गेलं."

"आणि उलट? कागदावर नाव नाही, पण बोलतात, असे देश आहेत?"

"आहेत की. पण ते आपल्याला रंगवायचे नाहीत. नियम म्हणजे नियम."

मालीवर बदामी रंग चढवताना मी तेच घोळवत होतो. आपल्या घराच्या कागदांवर मी तुझा बाप आहेच. अधिकृत. शिक्क्यासकट. फक्त बोलणं नव्हतं. दुपारी फळीवर पडलो तेव्हा मालीचं दार बंद होतं. कान लावला, तर आतून बोलण्याचा आवाज येत होता.

तुझ्या मैत्रिणीनं आज मला काउंटरच्या आत बोलावून स्टूल दिलं. म्हणाली, "काका, उकार आणि रेघा पुष्कळ झाल्या. ती एका वाक्याची वाट बघतेय. कुठलं, ते तुम्हाला माहीत आहे."

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

ती म्हणाली, "बरं. खोकला कसा आहे?"

— पेंटर

२८ फेब्रुवारी

टिंबू,

तू मला बाबा म्हणालीस.

बिलाच्या पाठीवर तुझ्या मैत्रिणीच्या अक्षरात लिहिलं आहे: "बाबा, मादागास्कर हिरवा आहे." मी तो पहिला शब्द वाचला आणि पुढचं वाचलंच नाही. दुकानातून घरी, घरातून गच्चीवर. आईला दाखवलं. तिनं पूर्ण वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, हिरवा कसा?"

मी म्हटलं, "तिचा फोन खराब असेल."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर भिंतीपाशी आली. मादागास्कर मला निळा दिसत होता. तिनं शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, "काकू, झाडासारखा हिरवा आहे." नकाशाभोवतीच्या चौकटीसाठी आणलेला हिरवा डबा मी उघडला होता आणि सबंध मादागास्कर, तीन दिवस लावून, प्रेमानं हिरवा भरला होता.

तेव्हा आता सांगतो. दिवाळखोर झालेल्या माणसानं मिशीला तूप लावण्यात अर्थ नाही. कॅमेरूनची रेघ मी मुद्दाम उतरवली नव्हती. ती उतरली. बुरुंडीचा उकारही. वर्षभर सगळं मळक्या काचेतून बघितल्यासारखं दिसतंय. आईनं परवा ओढत डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साधं ऑपरेशन आहे, घाबरण्यासारखं काही नाही, उजवा आधी करू म्हणाले. महिनाभर परांचीवर चढायचं नाही.

सगळीकडे धुकं असतं, त्याला मी दुपारची झोप समजत होतो. देशांना दारं दिसतात असं लिहिलं होतं ना मी. मला वाटतं, मला कडा दिसत नव्हत्या.

मादागास्कर शिपायाकडून डबा ओळखून घेऊन निळा केला. ऑपरेशन बाराला आहे. आणखी एक पत्र त्याच्या आधी लिहायचं आहे.

९ मार्च

टिंबू,

हे पत्र तुझी मैत्रीण वाचणार. वाचू दे.

ते पाकीट उशिरा आलं नव्हतं.

मी पिठाच्या गिरणीची पाटी करत होतो तेव्हा पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं. जाडजूड, वर तुझं नाव, आणि बाकी सगळं मला न वाचता येणारं. पण ते कशाचं आहे हे मला कळलं. तू महिनाभर रोज दारात उभी राहत होतीस. अक्षरकलेच्या शाळेत प्रवेश, परदेशात, दोन वर्षं. मी पाकीट घरी आणलं आणि पत्र्याच्या स्टेन्सिलांखाली ठेवलं. उद्या देऊ म्हटलं. अठरा दिवस मी रोज उद्या म्हटलं. अठराव्या दिवशी दिलं तेव्हा तुझी उत्तराची तारीख उलटून तीन दिवस झाले होते.

तू विचारलंस, "पाकीट कधी आलं?" मी म्हणालो, आजच. तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा आजच म्हणालो. मग तू पाकिटाच्या कोपऱ्यावरचा माझ्या बोटाचा पिवळा ठसा नखानं खरवडून बघितलास. गिरणीच्या पाटीचा पिवळा मी एकदाच कालवला होता. ताजा रंग नखाला लागतो आणि अठरा दिवसांचा लागत नाही, हे तुला मीच शिकवलं होतं. तू तिसऱ्यांदा विचारलंस, "बाबा, कधी आलं?" आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो, "आजच."

तुझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तू दुसरीकडे अर्ज केलास आणि कुठे ते न सांगता निघून गेलीस. तुझं बरोबर होतं.

मी का केलं, ते सांगतो. मी लोकांना सांगायचो, बारीक अक्षरं आता कोण काढणार, धंदा कसा चालणार. ते खोटं. मला भीती वाटली. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे शब्द मोठ्ठे करून भिंतीवर लिहिले, आणि माझी पोर अशा ठिकाणी चालली होती जिथल्या दुकानावरची पाटीसुद्धा मला वाचता येणार नाही. तू तिथे हसशील, भांडशील, स्वप्नात बडबडशील, आणि त्यातलं मला काही कळणार नाही. म्हणून मी तुला थांबवलं. मी तुझं पाकीट लपवलं आणि तोंडावर खोटं बोललो. तीनदा. आणि जानेवारीतल्या पत्रात चौथ्यांदा.

मला माफ कर असं लिहिणार होतो. पण ते मागायचं नसतं असं तुझी आई म्हणते. तिनं हे पत्र वाचलं आहे. वाचून झाल्यावर तिनं माझ्यासाठी चहा टाकला. पाच वर्षांत पहिल्यांदा मी न मागता.

बाबा

४ एप्रिल

टिंबू,

काल फोनवर मी नुसतं हं हं म्हणत राहिलो. आई मागून कोपर मारत होती, "बोला की." पण मला फोनवर शब्द सुचत नाहीत. म्हणून लिहितो.

उजवा डोळा उघडला आहे. गेल्या महिन्यात पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसला तो डॉक्टरांचा शर्ट. असा निळा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. मी त्यांना म्हटलं, शर्ट फार छान आहे. ते म्हणाले, जुना आहे.

आणि काल आईनं फोन कानाला लावला. तू म्हणालीस, "बाबा, ऐकताय ना? पत्र मिळालं." मी म्हटलं, हं. मला तुझा श्वास ऐकू येत होता. मग म्हणालीस, "माझा देश तुम्ही रंगवलाच नाहीत."

मला वाटलं, एवढे पंचवीस-सव्वीस केले आणि नेमका तोच राहिला.

"राहिला नाही," तू म्हणालीस. "बरोबरच आहे तुमचं. इथे फ्रेंच अधिकृत नाही. नुसती बोलतात. मी अल्जीरियात आहे."

तुझी मैत्रीण पहिल्याच दिवशी 'बोलतात' म्हणाली होती. मी ऐकलं ते 'अधिकृत'. इतके दिवस मी तुला शोधत लक्झेंबर्गमध्ये शिरलो, मोनॅकोत आडवं व्हायला जागा नाही तिथेही बघितलं, वानुआतूच्या टिंबाटिंबात गेलो. आणि तू आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या देशात, भिंतीच्या ऐन मधे, नाव नसलेल्या बदामी रंगात बसली होतीस. तो सबंध देश मी मोठ्या ब्रशनं दीड तासात उरकला होता. तुझ्याकडे लक्षही न देता.

आणि तू हसलीस. मग तिथल्या पाट्यांचं सांगितलंस. अरबी उजवीकडून निघते, फ्रेंच डावीकडून, आणि दोघींची मधे गाठ पडते तिथे तुला फोन नंबर बसवायचा असतो. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. डोळ्यात औषध घातलं होतं, आणि नुसतं औषधच नव्हतं.

काल संध्याकाळी शाळेत गेलो. बाईंना म्हटलं, अल्जीरिया निळा करायचा आहे. त्या म्हणाल्या, "पेंटर, नियम." मी म्हटलं, तिथे माझी मुलगी आहे. बाई उठून भिंतीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "रंग नाही बदलता येणार. मुलं परीक्षेत चूक लिहितील. पण नाव लिहा. नावाला कोण अडवतंय."

तू जूनमध्ये वीस दिवसांची सुट्टी काढतेस असं आईला म्हणालीस. मला नाही म्हणालीस, पण ती सांगते तेव्हा खरंच असतं.

आज सकाळी बाईंनी विचारलं, "अल्जीरियाचं नाव कधी घालताय? उद्घाटन करायचंय." मी डोळ्याला हात लावून म्हटलं, डॉक्टरांनी जूनपर्यंत परांचीवर चढायला मनाई केलीय. हे खोटं आहे, टिंबू. चढायला हरकत नाही, असं डॉक्टर परवाच म्हणाले. पण ते नाव तुझ्या हातानं पडायचं आहे. एवढं एक खोटं मी ठेवून घेतोय, आणि ते आजच तुला कळवतोय.

बाबा